डोंगल फेकू नका, आवाज लॅपटॉपमुळे तुटतोय

सांगलीतल्या आपल्या हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींमध्ये एक मेसेज फिरतोय की एसडीआरचा, म्हणजे कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअरने चालणाऱ्या रेडिओचा, आवाज मधेमधे कट होत असेल तर डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रिसीव्हर) गेलं, नवीन घ्या. हे चुकीचं आहे हो, आणि कॉलेजची पोरं पैसे साठवून डोंगल घेतात म्हणून मुद्दाम लिहितोय.

आधी नीट ऐका. एफएमवर सिग्नल कमी पडला तर खरखर वाढते, पण आवाज कापल्यासारखा टक्क तुटतोय आणि त्याच वेळी वॉटरफॉलपण (स्क्रीनवर सरकणारं सिग्नलचं चित्र) अडखळतोय तर दोष बहुतेक वेळा कॉम्प्युटरच्या बाजूला असतो, कारण 2.4 एमएसपीएसला (सेकंदाला 24 लाख सँपल, म्हणजे सिग्नलची मोजमापं) आरटीएल चिपचं डोंगल सेकंदाला 48 लाख बाइट यूएसबीतून ढकलतं आणि लॅपटॉप जरा दुसरीकडे गुंतला की सँपल सांडतात. 3.2 ला तर चांगलं डोंगलसुद्धा सांडतं, मग 145.800 मेगाहर्ट्झवर स्पेस स्टेशन ऐकायला एवढा रेट हवाय कशाला? 1.024 वर आणा, भागतं.

परवा विश्रामबागला एका मित्राकडे हेच झालेलं, सीपीयू जेमतेम 30 टक्के तरी आवाज तुटत होता. लेटन्सीमॉन (कोणता ड्रायव्हर कॉम्प्युटरला अडवतोय ते दाखवणारं सॉफ्टवेअर) लावलं तर वायफायचा ड्रायव्हर लाल दिसला, वायफाय बंद केलं आणि आवाज सलग यायला लागला. याशिवाय पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सला ठेवा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सेटिंग) बंद करा, हब काढून डोंगल थेट पोर्टला लावा, ऑडिओ बफर थोडा वाढवा. एवढं करूनही तुटला तर डोंगल दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा, तिथंही तसंच झालं तरच डोंगलवर संशय घ्या.