ओळख आणि वशिला : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. अनुवादकांच्या आपल्या मोठ्या ऑनलाइन समूहात दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून जोड्या लावाव्यात, त्या दोघांनी अर्धा तास बोलावं आणि जमेल तिथे चार-सहा जणांनी भेटावं, असं मी मागच्या लेखात सुचवलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत : "इथे माझं आडनाव, गाव कुणी विचारत नाही. भाषांतर बघतात आणि काम देतात. ओळखीपाळखी सुरू झाल्या की वशिला मागच्या दाराने आत येणार. शिवाय पुण्यात संध्याकाळी भेटायला कोणाला जमतं, हेही ठाऊक आहे."

आडनाव ऐकून समोरच्याचा आवाज बदलतो, हे आपल्याकडे घडतं. ते न घडणारी एक जागा तुम्हाला मिळाली आणि ती जाईल अशी भीती वाटते, यात चूक काहीच नाही. तरीही मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. का, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी भाषांतराची कामं देणाऱ्या एका एजन्सीने माझं बिल सात महिने अडकवलं होतं. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याने खरेदीदाराला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, त्यापुढे चक्रवाढ व्याज लागतं आणि 'उद्यम' ही सरकारी नोंदणी करून एकटा अनुवादकही त्यात बसतो, ही माहिती समूहावर होती. मी ती वाचलीही होती. पण "उद्योग" म्हणजे कारखाना, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसणारी मी कसला उद्योग, असं वाटून पुढे सरकले. मग एका कामानिमित्त ओळख झालेल्या बाईंशी फोनवर बोलताना सहज विषय निघाला. त्या म्हणाल्या, "आधार आणि पॅन घेऊन बस, फोन ठेवू नकोस." वीस मिनिटांत फॉर्म भरून झाला. तेव्हापासून प्रत्येक बिलाखाली माझा उद्यम क्रमांक आणि 45 दिवसांची ओळ असते, आणि पैशांसाठी मागे लागणं पुष्कळ कमी झालं आहे. माहिती आधीही होती. शेजारी बसून फॉर्म भरून घेणारं माणूस नव्हतं.

दुसरं, दरांचं. 2017 च्या एप्रिलमध्ये गूगलने मराठीसह नऊ भारतीय भाषांसाठी 'न्यूरल' पद्धतीचं, म्हणजे असंख्य उदाहरणांवरून शिकणारं मशीन भाषांतर सुरू केलं. पुढे माझ्याकडे मशीनचं भाषांतर तपासून सुधारायची कामं येऊ लागली, शब्दाला निम्म्या दराने. मशीनचं वाक्य कधी कधी इतकं वाकडं असतं की ते सरळ करण्यापेक्षा नवं लिहिणं सोपं. अशा कामाला किती दर मागावा, हे मी सगळ्यांसमोर विचारू शकले नाही, कारण काम देणारेही तिथेच असतात. प्रोझ या अनुवादकांच्या संकेतस्थळावरचा 'ब्लू बोर्ड' पाहा : तिथे अनुवादक एजन्सींना एक ते पाच असे गुण देतात. ती सोय मोलाचीच आहे. पण नावानिशी "एक" द्यायला धीर लागतो, आणि जिचं पोट दोन-तीन एजन्सींवर आहे ती गप्प बसते. असे प्रश्न चारचौघांत निघत नाहीत, ते ओळखीच्या माणसाकडेच निघतात. 1999 साली सुरू झालेल्या त्याच प्रोझवर सदस्य आपापल्या शहरात भेटी ठरवत आले, त्यामागे हीच गरज असावी.

आता वशिल्याचं. ओळखी आपण घडवल्या नाहीत तर त्या व्हायच्या थांबतात का? नाही. त्या जुन्याच वाटांनी होतात : एका कॉलेजातले, एका गल्लीतले, एका आडनावाचे. ज्याला त्या वाटा नाहीत तो बाहेर राहतो. चिठ्ठी मात्र आडनाव बघत नाही. परभणीतून नुकतंच काम सुरू केलेल्या मुलाची जोडी वीस वर्षं कायद्याचे मजकूर करणाऱ्या बाईंशी लागू शकते, आणि ती एरवी कधीच लागली नसती. सॉफ्टवेअर कसं वापरायचं याची माहिती लिहिणाऱ्यांच्या 'राइट द डॉक्स' समूहाचे सहसंस्थापक एरिक होल्शर यांचा एक साधा नियम मला फार आवडतो : घोळक्यात उभं राहताना पॅकमॅन या व्हिडिओ गेममधल्या गोल पात्राच्या उघड्या तोंडासारखी एक फट मोकळी ठेवायची, म्हणजे बाहेरचा माणूस आत येऊ शकतो. कोणी आलं की सरकून पुन्हा फट ठेवायची. कोंडाळं होऊ नये म्हणून हे असं मुद्दाम करावं लागतं.

तुमच्या दोन गोष्टी मात्र मी मान्य करते, आणि त्यानुसार बदल करते आहे. जोडीत फक्त पहिलं नाव आणि कामाचा विषय कळवायचा. आडनाव, गाव, फोन नंबर काहीही नाही. बोलणं लिंकवर, कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल. नंबर मागितला जाईल या धास्तीने कितीजणी अशा ठिकाणी नावच देत नाहीत, हे मला आधीच सुचायला हवं होतं. दुसरं, त्या बोलण्यात काम देऊ-घेऊ नये. काम द्यायचं असेल तर ते सगळ्या समूहात जाहीर करावं आणि नमुना भाषांतर पाहूनच द्यावं. पुण्यातली संध्याकाळची भेट मी यादीतून काढली आहे. आधी जोड्या होऊ देत. भेटायचं कुठे आणि कधी, ते ज्यांचं त्यांनी ठरवावं.

पुढची चिठ्ठी एक तारखेला टाकते आहे. तुमचं नाव घालायचं असेल तर फक्त विषय आणि वेळ कळवा, सकाळची की रात्रीची.