५जी फोन घ्यायचाय? मग काही विचारू नका!

तुमचा चार वर्षांचा ४जी फोन अजून धड चालतोय? लाज वाटली पाहिजे! दुकानातलं पोरगं परवाच छातीठोकपणे सांगत होतं, "काका, ४जी बंदच होणार आता." नव्या फोनची ५जी रेंज गेली की तो उतरतो कुठे? त्याच ४जीवर. पण हे विचारून पोराचा मूड घालवू नका.

बँड, म्हणजे फोन कोणत्या रेडिओ लहरी पकडतो, ते बघू नका. खोक्यावर ५जी छापलंय ना, बास.

एसए की एनएसए, हाही चोंबडेपणा नको. जिओचं ५जी पहिल्यापासून एसए, म्हणजे स्वतःच्या पायावर उभं. एअरटेलने सुरुवात केली ती एनएसएने, म्हणजे ४जीच्या खांद्यावर बसून. काही स्वस्त फोन नुसतं एसएच पकडतात. असा फोन एनएसए टॉवरखाली नेला की वर ४जी. ५जीचे पैसे मोजून ४जी वापरण्याची मजा औरच!

कोपऱ्यातल्या ५जी अक्षरांवर श्रद्धा ठेवा. एनएसएमध्ये "मला ५जी जोडता येतं" एवढं ४जी टॉवरने कळवलं तरी कित्येक फोन ५जी लिहून मोकळे होतात. डेटा तेव्हा ४जीवरूनच येत असतो.

जुलै २०२४च्या दरवाढीत 'अनलिमिटेड ५जी' रोज २ जीबीच्या पॅकवर गेलं. दीड जीबीवाल्यांनी फोन नुसता न्याहाळावा.

घर काँक्रीटचं असेल तर उत्तमच. ५जीचा मुख्य बँड एन७८, साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासचा, भिंत आली की मान टाकतो. गॅलरीत वेगाचा आकडा बघून डोळे फिरतात, आतल्या खोलीत ४जी. फोन बिचारा ५जी-४जी, ४जी-५जी अशा उड्या मारत तापतो आणि चहाच्या वेळेला बॅटरी लाल. मग तुम्ही काय करणार? सेटिंग्ज, मोबाइल नेटवर्क, प्रिफर्ड नेटवर्क टाइप, ४जी. पंधरा-वीस हजार मोजून! भिंतीतून आत शिरतो तो ७०० मेगाहर्ट्झचा एन२८. २०२२च्या लहरींच्या लिलावात तो एकट्या जिओने घेतला, तोही १० मेगाहर्ट्झ रुंदीचाच पट्टा, म्हणजे वेग बेताचाच. हे दुकानात कोण सांगतं? आणि विचारतं तरी कोण?

म्हणे यूपीआयचं चाक फिरत राहतं म्हणून ५जी हवं. अहो, त्याला लागतात मोजके केबी. बऱ्याचदा अडलेला असतो बँकेचा सर्व्हर!

पुरे झाली थट्टा. शेजाऱ्याचा ५जी फोन मागा, आपलं सिम त्यात घाला. ४जीचंच सिम चालतं. रात्री नऊ वाजता आतल्या खोलीत दार लावून वेग मोजा. ५जीची रेंज नसेल तर गुपचूप जुन्या फोनची बॅटरी बदला. असेल तर दुकानात एन२८, एन७८, एसए आणि एनएसए चारही विचारा, फोनच्या माहितीत दाखवायला लावा. दहा मिनिटांचं काम आहे. तेवढाही कंटाळा असेल तर खुशाल घ्या, पण मग हप्ते भरताना आमच्यापुढे रडायला येऊ नका.