‘नाटकं नकोत, गटारं द्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘नाटकं नकोत, गटारं द्या’ या मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या सांगली-मिरजेत या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. नाट्यगृहं, संगीतसभा, मिरजेची तंतुवाद्यं यांवर सरकारी पैसा घालणं ही उधळपट्टी आहे. खरी कला अनुदानावर कधी जगलीच नाही. आणि या नादात शेरीनाल्याचे, म्हणजे कृष्णेत घाण पाणी सोडणाऱ्या सांगलीच्या नाल्याच्या कामाचे, पैसे नाट्यगृहांकडे वळवले, असं त्याचं म्हणणं. परवा माझ्या मामांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला, खाली ‘शंभर टक्के खरं’ असं लिहून. मामांचं सगळं आयुष्य मिरजेत गेलं. दर्ग्याच्या उरुसातलं गाणं ते पहाटेपर्यंत बसून ऐकतात. त्यांनाही हे पटलं, म्हणून गप्प बसवेना.

सगळ्यात संताप आला तो भाव्यांच्या नावाने लिहिलेल्या वाक्याचा. ‘विष्णुदास भाव्यांनी सरकारपुढे हात पसरले नाहीत, तरी मराठी रंगभूमी उभी राहिली.’ अहो, भाव्यांना नाटक रचायला सांगितलं तेच मुळी सांगलीच्या संस्थानिकांनी! कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या मनात आलं की असं काही आपल्या भाषेत व्हावं. त्यांच्या आश्रयाने ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ झालं. आपण रंगभूमी दिन साजरा करतो तो याच तारखेला. आणि संस्थानचा खजिना कुठून भरायचा? रयतेच्या शेतसाऱ्यातूनच ना? आजच्या घरपट्टीचा तो थोरला भाऊच म्हणायचा.

आता मेसेजच्या या वाक्यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. १८५१ मध्ये आप्पासाहेब वारले, राजाश्रय सुटला, आणि पुढे भावे मंडळी घेऊन गावोगाव फिरले. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. तेव्हा नाटक तिकिटावर चालतं, हे बरोबर. पण मंडळी जमवायची, नटांना तयार करायचं, सोंगं-कपडे उभे करायचे, बघणाऱ्यांना चटक लावायची, ही मधली आठ वर्षं कुणाच्या आधारावर गेली? मेसेज लिहिणाऱ्याने नेमकी तीच गाळली.

दुसरं वाक्य याहून वाईट आहे. ‘सतारी करणं हा एका समाजाचा खासगी धंदा, करदात्याने तो का पोसायचा?’ हत्यारांना धार लावणारे मिरजेचे शिकलगार एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले, तेही संस्थानच्या आश्रयाने. याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी विष्णु दिगंबर पलुस्करांना गाणं शिकवलं, आणि पुढे गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथेच येऊन राहिले. इथला तंबोरा देवळातल्या भजनातही वाजतो आणि दर्ग्यातल्या मैफलीतही. त्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतकऱ्याच्या रानातून. यातला नेमका कोणता समाज बाजूला काढायचा म्हणता?

आणि ‘धंदा’ म्हणण्याआधी सतारमेकर गल्लीत जाऊन जवारी काढताना, म्हणजे तारेखालची घोडी घासून तिचा झंकार जुळवताना, तरी बघा. घोडीचा माथा कानशीने इवलासा घासायचा, तार चढवायची, छेडायची, कान देऊन ऐकायचं, की पुन्हा तार उतरवून घासायचं. कणभर जास्त गेलं की स्वर बसतो. हे पुस्तकातून येत नाही, उस्तादाशेजारी बसूनच येतं, आणि त्याला वर्षं लागतात. तेवढा काळ शिकणाऱ्या पोराच्या हाती फारसं काही पडत नाही, म्हणून ते कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला लागतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंदच आहे. पण मानांकनाने नावाचं रक्षण होतं, शिकाऊ पोराचं पोट भरत नाही. विद्यावेतन लागतं ते इथे.

नाल्याच्या पैशांचं म्हणाल तर केंद्राच्या निधीचं वाटप सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या अटी बघाव्यात. आपल्यासारख्या दहा लाखांखालच्या शहरांना २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी ठरलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला आहे. तो नाट्यगृहाच्या खुर्च्यांवर खर्चच करता येत नाही. शेरीनाल्याचं घाण पाणी कृष्णेत जातं, हे दुखणं खरं आहे आणि त्यावर भांडलंच पाहिजे. २०१९ चा महापूर बघितलेल्या माणसाला गटारांचं महत्त्व कुणी सांगायला नको. महापालिकांच्या कायद्यात पाणी-गटारं आवश्यक कर्तव्यांत येतात, कलम ६३ मध्ये. कलेवरचा खर्च त्यांच्यानंतर, हेही कबूल.

पण ‘संस्कृती हे महापालिकेचं कामच नाही’ हे साफ खोटं. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत बारावी अनुसूची आली. नगरपालिका-महापालिकांकडे सोपवता येतील असे १८ विषय तिच्यात आहेत. पाणीपुरवठा पाचवा, स्वच्छता सहावा, आणि तेराव्या क्रमांकावर सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना देणं. ज्या यादीत पाणी आहे, त्याच यादीत गाणं-नाटक आहे. मामा, हे पान मी ग्रुपवर टाकलंय, बघा.

‘नाट्यगृहं लोकवर्गणीतून चालवा’ या मेसेजमधल्या मुद्द्यावर फार बोलत नाही. वर्गणीतून गणपतीचा मांडव उभा राहतो. बारा महिने चालणारं नाट्यगृह आणि त्याची वायरिंग वर्गणीवर कोण सांभाळणार?

राहिलं ‘दुसरी शहरं असले लाड करत नाहीत’. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून महापालिकाच चालवते. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी बांधलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत जळालं, आणि पुन्हा उभारायला राज्य सरकारने निधी जाहीर केला. खड्डे कोल्हापुरातही आहेत, आणि त्यावरून कोल्हापूरकर महापालिकेशी भांडतातही. तरी नाट्यगृह जळालं त्या रात्री लोक तिथे रडत उभे होते.