सड्यावर खड्डे खणू नका

पावसाळा जवळ आला की वृक्षारोपणाची तयारी सुरू होते. हेतू चांगलाच असतो. पण सह्याद्रीच्या माथ्यावर, सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या सपाट पठारावरच्या गवतात ओळीनं खणलेले खड्डे दिसले की जीव तुटतो. खड्डे खणायचे मे महिन्यात, आणि नेमक्या तेव्हाच तिथल्या सगळ्यात दुर्मिळ वनस्पती कंदाच्या रूपात मातीखाली झोपलेल्या असतात. वर दिसतो तो फक्त तापलेला कातळ. मग 'इथं काहीच नाही' असं ठरवून कुदळ मारली जाते.

कंदीलपुष्पाचंच बघा, ज्याला गावाकडे खर्चुडी म्हणतात. पाऊस पडला की कंदातून नाजूक देठ वर येतो, श्रावण-भाद्रपदात कंदिलासारखं फूल लागतं. छोट्या माश्या नळीत शिरतात. आतल्या, खाली वळलेल्या केसांमुळे त्यांना बाहेर पडता येत नाही. केस कोमेजले की सुटतात आणि पराग घेऊन पुढच्या फुलावर जातात. किती विलक्षण आहे हे! यातल्या कितीतरी जाती सह्याद्रीबाहेर जगात कुठेच नाहीत. नाशिकजवळच्या अंजनेरीवरची सेरोपेजिया अंजनेरिका ही खर्चुडीची जात तर शास्त्राला कळली ती थेट २००६ च्या सुमारास. आपल्याला अजून माहीतही नसलेलं काय काय त्या मातीत असेल?

शिंदळ माकुडी या वनस्पतीची गोष्ट तशीच. डाल्झेल या वनस्पतीशास्त्रज्ञानं १८६५ च्या सुमारास तिची शास्त्रीय नोंद केली. शिवनेरीच्या कड्यावरही ती आढळते, म्हणून हल्ली तिला शिवसुमन म्हणतात. आपण गडाला मुजरा करतो, पण कड्यावरचं हे मरून रंगाचं, पिवळ्या ठिपक्यांचं फूल कितीजणांना ठाऊक आहे?

पवनचक्क्या, रस्ते, वणवे, फुलांत लोळून काढलेले फोटो, हे सगळं नुकसान करतंच. पण त्याला निदान कुणी पुण्यकर्म म्हणत नाही. झाडं लावण्याला म्हणतात, म्हणून त्याविरुद्ध बोलणं अवघड जातं.

झाडं जरूर लावा. जिथलं जंगल तुटलं तिथं, गावाभोवती, रस्त्याकडेला लावा. सड्यावरच्या या वनस्पतींना मात्र मोकळं ऊन आणि वीतभरही नसलेली ती माती लागते. सावली धरली की त्या संपतात.

आपल्या भागातली संस्था माथ्यावर रोपं लावणार असेल, तर वनस्पतीशास्त्राच्या जाणकाराला घेऊन आधी एक भाद्रपद ती जागा बघायला सांगा. आणि खर्चुडी सापडलीच, तर कंद उकरू नका, नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका.