आवाज वाढवायला लावणारा अल्बम

स्लिंट या बँडचा 'स्पायडरलँड' मी पहिल्यांदा ऐकला तो वसतिगृहाच्या खोलीत, मित्राने कॉपी करून दिलेल्या सीडीवर. त्या ऐकण्यातली एकच गोष्ट पक्की लक्षात आहे. गाणारा काय पुटपुटतो आहे ते कळावे म्हणून मी स्पीकरचा आवाज वाढवला, आणखी वाढवला, आणि तेवढ्यात दोन्ही गिटारी अशा कोसळल्या की शेजारच्या खोलीतून भिंतीवर थापा पडल्या. गेल्या आठवड्यात हेडफोन लावून तो सलग दोनदा ऐकला आणि सगळे ठाऊक असूनही त्याच जागी पुन्हा फसलो.

अमेरिकेच्या केंटकी राज्यात, ओहायो नदीकाठी लुईव्हिल नावाचे शहर आहे. ब्रायन मॅकमहान, डेव्हिड पाजो, ब्रिट वॉलफर्ड आणि टॉड ब्रॅशियर ही तिथली चार मुले म्हणजे स्लिंट. त्यांच्यातले काही जण शाळकरी वयापासून तिथल्या हार्डकोर पंक, म्हणजे वेगवान, आक्रमक रॉक वाजवणाऱ्या बँडमध्ये वाजवत आलेले. ऑगस्ट १९९० मध्ये शिकागोतल्या एका स्टुडिओत, ब्रायन पॉलसन यांच्या देखरेखीखाली, चार दिवसांत त्यांनी ही सहा गाणी मुद्रित केली आणि मार्च १९९१ मध्ये 'टच अँड गो' या रेकॉर्ड कंपनीने अल्बम बाजारात आणला, तोवर बँड मोडलाही होता. त्यामुळे सुरुवातीला त्याची दखल घेणारे थोडेच. संगीतकार आणि ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी यांनी मात्र 'मेलडी मेकर' या ब्रिटिश संगीत साप्ताहिकात त्याला दहा तारे दिले आणि दहा वर्षांनी हा मैलाचा दगड मानला जाईल, असे तेव्हाच लिहून टाकले. पुढे या ध्वनिमुद्रणाभोवती गूढ दंतकथांचे जाळे विणले गेले. त्यात मला रस नाही, उलट त्या दंतकथांनीच अल्बम ऐकायची आपली सवय बिघडवली, असे माझे मत झाले आहे. आपण तो अंधारी, झपाटलेला म्हणून ऐकायला बसतो, आणि त्यातला विशीतल्या मुलांचा संकोच निसटून जातो.

पहिलेच गाणे घ्या. 'ब्रेडक्रम्ब ट्रेल'मध्ये जत्रेत गेलेला एक जण भविष्य सांगणाऱ्या बाईच्या तंबूत शिरतो आणि मग तिच्यासोबत उंच रोलर कोस्टरच्या गाडीत बसतो, एवढीच गोष्ट. ती गायलेली नाही, मित्राला कट्ट्यावर सांगावी तशी खालच्या पट्टीत सांगितलेली आहे. मागे गिटारच्या तारेला बोट नुसते टेकवून काढलेले, घंटीसारखे किणकिणणारे स्वर सात मात्रांच्या आवर्तनात फिरत राहतात. रूपक ताल मोजायची सवय असलेल्या आपल्या कानाला ते सात परके वाटत नाहीत, पण तबल्याच्या जागी रॉकचा ड्रम असल्यामुळे आपला पाय दर वेळी एक ठोका जास्त टाकायला जातो आणि अडखळतो. मग गाडी उतारावर सुटते आणि गिटारी फुटतात.

'डॉन, अमन' हे गाणे मी पूर्वी पुढे ढकलून द्यायचो. त्यात ड्रम नाहीतच. ड्रमर वॉलफर्ड स्वतः गिटार घेऊन बसला आहे आणि पार्टीतून उठून बाहेर अंधारात उभ्या राहिलेल्या एका माणसाविषयी जवळजवळ कुजबुजतो आहे. ठेका धरायला कोणी नसल्यामुळे लय हळूहळू वाढत जाते, जशी बोलता बोलता घाबरलेल्या माणसाची वाढते. चारचौघांत बसून आपण इथले नाही असे वाटणे हे विशीत मलाही रोजचे होते, तरीही तेव्हा हे गाणे कंटाळवाणे वाटले, आज तोच मला अल्बमचा गाभा वाटतो. 'वॉशर' सुंदर आहे, त्याबद्दल दुमत असायचे कारण नाही. शब्दांविना असलेले 'फॉर डिनर' मला अजूनही नुसता विसावा वाटते.

या अल्बममधून पुढच्या कित्येक बँडनी, स्कॉटलंडच्या मोग्वाईसारख्या उत्तम बँडनीसुद्धा, हळू वाजवत अचानक गडगडाट करण्याची युक्ती उचलली. पण खरी करामत त्या गडगडाटात नसून माणसाचा आवाज मुद्दाम मागे ठेवण्यात आहे, कारण त्यामुळेच ऐकणारा वाकून कान देतो आणि सापडतो. शेवटच्या 'गुड मॉर्निंग, कॅप्टन'मध्ये फुटलेल्या जहाजाचा कप्तान दार ठोठावतो, आणि सात मिनिटे अडवून धरलेला आवाज अखेरीस 'तुझी आठवण येते' एवढेच ओरडतो. पूर्वी मला ती किंकाळी भयकथेतली वाटली होती. आता ती घर सोडलेल्या पोराची वाटते.

कॉपी केलेल्या सीडीला कव्हर नव्हते, त्यामुळे लुईव्हिलचाच गायक विल ओल्डहॅमने काढलेले ते प्रसिद्ध कृष्णधवल छायाचित्र मी फार उशिरा पाहिले. नदीपलीकडे इंडियानातल्या पाण्याने भरलेल्या दगडखाणीत चौघे गळ्यापर्यंत बुडालेले आहेत, फक्त डोकी वर, आणि चेहऱ्यांवर हसू आहे, सुट्टीत पोहायला आलेल्या पोरांचे असते तसे.