तिच्या आजाराचं नाव

आज सकाळी एका ग्रुपवर केटचा फोटो आला. ब्रिटनची प्रिन्सेस केट. गळ्यापाशी आणि डोळ्यांखाली लाल गोल, खाली प्रश्न: 'किती वाळलीये! नक्की कुठला कॅन्सर असेल?' त्यावर वीसेक जणांचे अंदाज. मी ग्रुप सोडला.

आईचा रिपोर्ट आला तेव्हा तिला कसं सांगायचं हेच आम्हाला सुचत नव्हतं. दोन दिवस हवे होते, फक्त दोन. त्याआधीच एका नातेवाईक बाईंचा तिला फोन. 'कॅन्सर निघाला म्हणे, धीर धर हो.' आईने फोन खाली ठेवला आणि मला विचारलं, "अजून कोणाकोणाला माहितीये?"

केटलाही वेळच हवा होता. जानेवारी २०२४ मध्ये पोटाचं ऑपरेशन झालं आणि मग दोन महिने नुसता अफवांचा धुरळा. रुग्णालयातल्या कुणी तिचे कागद चोरून पाहायचा प्रयत्न केला का, याचीही चौकशी लागली. शेवटी २२ मार्चला बिचारीला कॅमेऱ्यासमोर बसून सांगावं लागलं, की कॅन्सर निघालाय आणि मुलांना समजावून सांगण्यात वेळ गेला. मुलं दहा, आठ आणि पाच वर्षांची! कुठला कॅन्सर ते तिने सांगितलं नाही. नाही सांगितलं ना? मग विषय संपला.

हो, राजघराण्यातले लोक जनतेच्या पैशावर जगतात, मान्य. स्वतःला हवं तेव्हा फोटोग्राफर बोलावतात, तेही मान्य. म्हणून काय फोन ऐकायचे त्यांचे? २००५ साली विल्यमच्या, म्हणजे केटच्या आताच्या नवऱ्याच्या, दुखऱ्या गुडघ्याची एवढीशी बातमी छापून आली आणि राजवाड्याला शंका आली, हे बाहेर गेलं कसं? व्हॉइसमेल चोरून ऐकले जात होते. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या ब्रिटिश वर्तमानपत्राचा राजघराण्याच्या बातम्या बघणारा संपादक २००७ मध्ये त्यासाठी तुरुंगात गेला. गुडघ्यासाठी! निर्लज्जपणाला काही सीमा?

आणि डायना, विल्यमची आई. पॅरिसच्या ज्या बोगद्यात तिला जीवघेणा अपघात झाला, तिथे गाडीमागे कॅमेरेवाले लागले होते. २००८ मध्ये ज्युरीने तिच्या ड्रायव्हरबरोबर पाठलाग करणाऱ्या गाड्यांच्या बेदरकारपणालाही दोषी धरलं. ती गेली तेव्हा तिचा धाकटा मुलगा हॅरी बारा वर्षांचा होता.

मी शाळेत असताना डायनाचे फोटो कापून वहीत चिकटवायचे. खूप आवडायची ती मला. त्यातले किती फोटो तिचा पाठलाग करून काढलेले असतील, हे तेव्हा मनातही आलं नाही. आज ती वही आठवली आणि कसंतरीच झालं.

फोन करणाऱ्या त्या बाईंच्याही मनात वाईट नसेल. काळजीपोटीच केला असेल. पण ती बातमी आईची होती. आधी तिला कळायला हवी होती, आणि पुढे कुणाला सांगायची ते तिने ठरवायला हवं होतं.

आई आता बरी आहे. फोन मात्र तेव्हापासून सायलेंटवर असतो तिचा. वाजलेला तिला चालत नाही.