शेजाऱ्याला पुस्तक द्यावे, पण 'कुठपर्यंत आलात?' असे विचारू नये

समोरच्या दारात राहणाऱ्या काकूंना मी एकदा माझी अत्यंत आवडती कादंबरी वाचायला दिली आणि पहिले काही दिवस सोडले, तर जवळजवळ दीड महिना त्या मला जिन्यात भेटल्याच नाहीत. माझ्या दाराची कडी वाजली की त्या आपले दार उघडायच्या थांबत असत, हे मला फार उशिरा कळले. सुरुवातीच्या दिवसांत भेटल्याबरोबर मी एकच विचारत असे, "काकू, कुठपर्यंत आलात?" अखेर एका संध्याकाळी त्या स्वतःच पुस्तक घेऊन आल्या. त्यातली खुणेची पट्टी अकराव्या पानावर होती. "अक्षरे फार बारीक आहेत रे. मोतीबिंदूचे ऑपरेशन व्हायचे आहे अजून. पण तू इतक्या उत्साहाने दिलेस, नाही कसे म्हणायचे?"

मी चांगला शेजारी आहे, अशी माझी तोवर समजूत होती. मागितल्याशिवाय पुस्तक आणून देणारा माणूस आणखी काय करू शकतो, असे मला वाटे. त्या संध्याकाळनंतर मात्र माझे मत बदलले, आणि ते थोडे सविस्तर मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली या शास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतले दुसरे सूत्र सांगते, की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, आणि तिसरे सांगते, की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. ऐकताना ही दोन्ही एकच वाटतात, पण तसे नाही. तिसऱ्या सूत्रात आपण हातात पुस्तक धरून माणूस शोधत असतो, तर दुसऱ्यात समोर माणूस असतो आणि त्याला काय हवे, हे आधी विचारावे लागते. ग्रंथपालाला दोन्ही सांभाळावी लागतात. मी मात्र केवळ तिसरे सूत्र पाळत होतो, म्हणजे माझ्या आवडत्या कादंबरीला एक वाचक मिळवून देत होतो. त्या वाचकाच्या डोळ्यांची स्थिती काय आहे, त्याला कादंबरी आवडते की नाही, हे विचारण्याचेही मला सुचले नाही. काकूंशी माझा वीस वर्षांचा शेजार आहे, हे येथे लाजत लाजत नमूद करतो.

शेजाऱ्यांमधली पुस्तकांची देवाणघेवाण मित्रांमधल्या देवाणघेवाणीपेक्षा अवघड असते, कारण मित्र आपण निवडतो आणि शेजारी आपल्याला मिळतो. मित्रांच्या आवडी बऱ्याच अंशी आपल्यासारख्याच असतात, त्यामुळे त्यांना दिलेले पुस्तक सहसा वाया जात नाही. शेजाऱ्याच्या आणि आपल्या आवडीत मात्र केवळ एक भिंत समाईक असण्याची शक्यता अधिक. पण मला हेच या व्यवहाराचे खरे मोल वाटते, कारण आपण स्वतःहून कधीही हातात घेतले नसते असे पुस्तक आपल्या घरात येण्याचा सगळ्यात जवळचा मार्ग शेजाऱ्याच्या दारातून जातो. तो मोकळा ठेवायचा, तर घेणाऱ्याला न वाचता परत करण्याची पूर्ण मुभा हवी. ज्या घरातून पुस्तक आणले की पंधरवड्याने तोंडी परीक्षा द्यावी लागते, त्या घराकडे माणूस दुसऱ्यांदा कशाला वळेल?

उसन्या आणलेल्या इतर वस्तूंपेक्षा पुस्तक आणखी एका बाबतीत निराळे असते. शिडी किंवा हातोडी काम संपले की त्याच दिवशी परत जाते आणि तिच्यावर कोणाची खूण राहत नाही. पुस्तक मात्र आठवडेच्या आठवडे दुसऱ्याच्या घरात राहते, आणि समासात आपण कधी काळी केलेल्या रेघा, उद्गारचिन्हे, क्वचित एखादा रागाचा शेरा, हे सारे त्याच्यासोबत जाते. पुस्तक देताना आपण स्वतःचा थोडा भागही उघडा करून देत असतो. म्हणूनच काही जण पुस्तक देताना संकोचतात, आणि अशांना मी कंजूष म्हणणार नाही.

पुस्तक हातचे जाण्याची भीती तर फार जुनी आहे. हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक श्लोक लिहीत असत. त्यात पोथी स्वतःच विनवते, की मला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून वाचवा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. युरोपात तर पुस्तके साखळीने फडताळाला जखडून ठेवत. इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये असे साखळबंद ग्रंथालय आजही पाहायला मिळते. एकेक प्रत हाताने लिहावी लागत असे त्या काळात ही खबरदारी योग्यच होती. छापील प्रत दुकानात पुन्हा मिळत असताना शेजाऱ्याकडे संशयाने पाहण्याचे कारण उरत नाही. तरीही जे पुस्तक गहाळ झाले तर आपली झोप उडेल ते देऊच नये, आणि तसे मोकळेपणाने सांगावे, हे मी अनुभवाने शिकलो आहे. स्पष्ट नकाराने शेजार बिघडत नाही, मनातल्या मनात धुमसत राहिल्याने बिघडतो.

थोडी शिस्त मात्र हवी. अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या मित्रमंडळाने फिलाडेल्फिया शहरात आपापली पुस्तके एका खोलीत एकत्र आणून ठेवली होती. पुस्तकांची नीट निगा राखली गेली नाही म्हणून सुमारे वर्षभरात ज्याने त्याने आपली पुस्तके परत नेली, असे त्याने आत्मचरित्रात नोंदवले आहे. त्यानंतर १७३१ साली त्याने पन्नास वर्गणीदार जमवून रीतसर ग्रंथालय काढले आणि ते आजही चालू आहे. सगळ्यांचे म्हणून ठेवलेले पुस्तक कोणाचेच राहत नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. मी स्वतः एक साधी वही ठेवतो, तिच्यात पुस्तक, नाव आणि तारीख एवढेच लिहितो. ती वही माझ्या विसराळूपणासाठी आहे, वसुलीसाठी नाही. सहा महिन्यांनी एकदा, एकदाच, आठवण करतो आणि मग त्या ओळीवर काट मारतो.

घराच्या कुंपणापाशी पुस्तकांची पेटी ठेवण्याची पद्धतही आता अनेक देशांत रुजली आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या हडसन गावी टॉड बोल यांनी २००९ साली, शिक्षिका असलेल्या आपल्या आईच्या स्मरणार्थ, शाळेच्या इमारतीसारखी दिसणारी एक छोटी पेटी अंगणात उभी केली. कोणीही पुस्तक न्यावे आणि जमल्यास एखादे ठेवावे, एवढाच तिचा नियम होता. अमेरिकन उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून २५०९ ग्रंथालये उभी राहिली होती, आणि त्याहून अधिक पेट्या उभारण्याचे, या पेटीपासून सुरू झालेल्या चळवळीने ठरवलेले उद्दिष्ट २०१२ मध्येच साध्य झाले. (पुढे २०१४ साली कॅन्सस राज्यातल्या एका गावाने नऊ वर्षांच्या मुलाची अशी पेटी बेकायदा बांधकाम ठरवली आणि टीका झाल्यावर नियम शिथिल केला. कागदी घोडे कोठेही सारखेच धावतात!) मला या पेट्या मनापासून आवडतात, कारण तेथे 'कुठपर्यंत आलात?' असे विचारायला कोणी उभा नसतो. पण तेथे दारही वाजवावे लागत नाही, ही त्यांची उणीव आहे. उसने आणलेले पुस्तक परत करायला माणसाला यावेच लागते, आणि दोन वाक्ये बोलल्याशिवाय कोणी नुसते पुस्तक टेकवून जात नाही.

काकूंचे ऑपरेशन यथावकाश झाले. त्यानंतर महिन्याभराने त्यांनी मला त्यांच्याकडचे भूमितीच्या कोड्यांचे एक जुने पुस्तक आणून दिले. त्या गणित शिकवत असत, आणि मी शाळेपासून गणिताच्या वाटेला गेलेलो नाही, हे त्यांना पुरते ठाऊक आहे. समासात त्यांनी पेन्सिलीने सोडवलेली उत्तरे होती. मला देण्याआधी ती त्यांनी खोडरबराने एकेक करून पुसली, तरी दिव्याखाली पान तिरपे धरले की ठसे दिसतात. मी ते पाहत नाही, निदान आतापर्यंत पाहिलेले नाहीत. पुस्तक येऊन तीन आठवडे झाले. या काळात त्या मला जिन्यात सात-आठ वेळा भेटल्या, पाण्याच्या पंपाविषयी बोलल्या, पावसाविषयी बोलल्या, पुस्तकाचे नावही काढले नाही. तिसऱ्या कोड्यातल्या एका त्रिकोणापाशी मी आठ दिवस अडून बसलो आहे. उद्या सकाळी त्यांचे दार वाजवून विचारणार आहे.